फोर कोर्ट्स ते बॅलीसीडी : आयर्लंडच्या यादवीच्या वाटेवर

डब्लिनला जाणारा माणूस सहसा १९१६ चा ब्रिटिशांविरुद्धचा उठाव पाहून परततो. ओ'कॉनेल स्ट्रीटवरचं जनरल पोस्ट ऑफिस, ईस्टरच्या सोमवारी पॅट्रिक पिअर्सनं तिथे वाचलेला प्रजासत्ताकाचा जाहीरनामा, मग किलमेनमचा तुरुंग आणि त्यातल्या अंगणात गोळ्या घातलेले पुढारी. हा इतिहास उजळ आहे, सांगायला सोपा आहे आणि शहर तो मनापासून सांगतं. मला त्यापुढचं पाहायचं होतं. १९२१ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ब्रिटनशी करार झाला, दक्षिणेकडच्या २६ परगण्यांतून ब्रिटिश फौजा निघू लागल्या आणि खांद्याला खांदा लावून लढलेल्या माणसांनी सहा महिन्यांत एकमेकांवर बंदुका रोखल्या. जून १९२२ ते मे १९२३, जेमतेम अकरा महिने ही यादवी चालली. तिचा माग काढणं हाच माझ्या प्रवासाचा हेतू होता.

सुरुवात लिफी नदीच्या उत्तर काठावरून. तिथे फोर कोर्ट्सची इमारत आहे, पाण्यात प्रतिबिंब पडणारा हिरवट घुमट आणि समोर खांबांची रांग. आज इथे न्यायालयं भरतात, काळे झगे घातलेले वकील हातात कागद घेऊन लगबगीनं ये-जा करतात. १९२२ च्या एप्रिलमध्ये कराराच्या विरोधकांनी ही इमारत ताब्यात घेतली. संसदेत करार ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाला होता. भांडण मुख्यतः फाळणीचं होतं असं आपल्याला वाटतं, पण त्या चर्चांमध्ये ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तरेतल्या सहा परगण्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ खाल्ला तो ब्रिटनच्या राजाशी निष्ठेच्या शपथेनं. प्रजासत्ताकाची शपथ घेऊन लढलेल्यांना आता राजाचं नाव तोंडून काढायचं नव्हतं. करारावर सही करणारा मायकेल कॉलिन्स आणि त्याच्या बाजूचे लोक म्हणत होते की आज मिळालंय ते पदरात पाडून घेऊ, उरलेलं पुढे मिळवू. दोन्ही बाजूंची भाषणं मी निघण्यापूर्वी वाचली होती. दोन्ही बाजूंना देश प्राणापलीकडे प्रिय होता, म्हणूनच ती वाचणं फार अवघड गेलं.

२८ जूनला पहाटे नव्या आयरिश सरकारच्या सैन्यानं नदीपलीकडून फोर कोर्ट्सवर तोफा डागल्या. तोफा ब्रिटिशांकडून उसन्या आणलेल्या होत्या. ३० जूनला आतल्या दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला आणि आवारातलं सार्वजनिक अभिलेखागार जळून गेलं. तेराव्या शतकापासूनचे दस्तऐवज, मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदवह्या, १८२१ ते १८५१ या काळातल्या चार जनगणनांची जवळजवळ सगळी कागदपत्रं. जळके कागद शहरभर उडत राहिले. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या एका दुपारी जळाव्यात, तसंच हे. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आपल्या खापरपणजोबांचं गाव शोधत येणारे लोक आजही याच भिंतीपाशी येऊन अडकतात. १८४५ नंतरच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. ती मुळात कोण होती, कुठल्या घरात राहत होती, हे सांगणारी घरवार यादी होती आणि ती त्यांच्याच देशबांधवांच्या लढाईत गेली. स्फोट कोणामुळे झाला यावर अजून वाद आहे. आतल्या लोकांनी सुरुंग पेरला होता की बाहेरच्या गोळ्यांनी लागलेली आग पोचली? मला वाटतं, अभिलेखागारात दारूगोळा साठवणाऱ्यांनी आणि त्यावर तोफा रोखणाऱ्यांनी, दोघांनीही ही जबाबदारी घ्यायला हवी होती. कोणीही घेतली नाही.

एक गोष्ट मात्र मनाला उभारी देणारी आहे. बरोबर शंभर वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकारानं या अभिलेखागाराची डिजिटल पुनर्बांधणी लोकांसाठी खुली झाली. जळालेल्या कागदांच्या नकला, उतारे, टिपणं जगभरच्या संग्रहांतून शोधून एकत्र आणली आहेत आणि ती कोणालाही फुकट पाहता येतात.

तिथून ट्रामनं दोन-तीन थांब्यांवर कॉलिन्स बॅरक्स. शेकडो वर्षं ही ब्रिटिशांची लष्करी छावणी होती, आता राष्ट्रीय संग्रहालयाचा एक भाग आहे. एका दालनात आसगार्ड नावाची शिडाची नौका ठेवली आहे. माझ्या सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ या नौकेपाशी घालवला. लाकडाचा तो डौलदार सांगाडा, मस्तूल, दोर. जुलै १९१४ मध्ये अर्स्किन चाइल्डर्स आणि त्याची पत्नी मॉली यांनी याच नौकेतून ९०० रायफली हाउथच्या बंदरात भरदिवसा उतरवल्या. त्यातल्या काही १९१६ च्या उठावात चालल्या.

चाइल्डर्स जन्मानं लंडनचा, लहानपण विकलोच्या डोंगरातल्या आजोळी गेलेलं, ब्रिटिश नौदलात आणि हवाईदलात काम केलेला, कादंबरीकार. पुढे तो आयरिश स्वातंत्र्याच्या बाजूनं पूर्णपणे उतरला. लंडनच्या वाटाघाटींत तो आयरिश शिष्टमंडळाचा सचिव होता आणि त्यातून निघालेल्या कराराला त्यानंच कडाडून विरोध केला. १९२२ च्या नोव्हेंबरात तो ज्या घरातून पकडला गेला ते त्याच्या मामेभावाचं, रॉबर्ट बार्टनचं घर, आणि त्या बार्टनची करारावर सही होती! चाइल्डर्सवर आरोप होता विनापरवाना पिस्तूल बाळगल्याचा. नव्या आणीबाणीच्या कायद्यानं त्याला देहदंड होता. ते छोटं पिस्तूल त्याला कॉलिन्सनं भेट दिलेलं होतं, दोघे एकाच बाजूला होते तेव्हा. कॉलिन्स मात्र ऑगस्टमध्येच कॉर्कच्या एका खेड्याजवळ दबा धरून बसलेल्या विरोधकांच्या गोळीनं गेला होता, वय ३१. २४ नोव्हेंबरला चाइल्डर्सला गोळ्या घातल्या. त्याआधी त्यानं पथकातल्या प्रत्येक शिपायाशी हस्तांदोलन केलं. सोळा वर्षांच्या मुलाकडून त्यानं वचन घेतलं होतं : माझ्या मृत्यूच्या हुकमावर ज्यांच्या सह्या आहेत, त्या प्रत्येकाचा हात तू हातात घ्यायचास. तो मुलगा १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

कॉलिन्सचं नाव दिलेल्या छावणीत चाइल्डर्सची नौका आहे. पाटीवर सगळं नीट लिहिलेलं आहे, पण मला वाटतं की या दालनाला एक स्वतंत्र तिकीट असलं तरी मी काढलं असतं. संग्रहालयाला प्रवेशशुल्क मुळीच नाही.

किलमेनमच्या तुरुंगाचं तिकीट मात्र आधी काढावं लागतं, ऐनवेळी मिळणं कठीण. मार्गदर्शकाबरोबरच आत नेतात. काचेच्या छताखालची ती तिमजली अर्धगोलाकार इमारत, लोखंडी जिने, छोट्या खोल्या. प्रार्थनागृहात सांगतात की ४ मे १९१६ ला पहाटे गोळीला सामोरा जाण्यापूर्वी काही तास आधी उठावातला एक पुढारी जोसेफ प्लंकेट यानं ग्रेस गिफर्डशी इथे लग्न केलं. दगड फोडायच्या अंगणात दोन क्रूस आहेत. एक जिथे बहुतेकांना उभं केलं तिथे, दुसरा फाटकाजवळ, जिथे घोट्याला जखम झालेल्या जेम्स कॉनलीला खुर्चीला बांधून १२ मे रोजी मारलं. १९१६ च्याच एप्रिलमध्ये बेळगावला लोकमान्यांची होमरूल लीग स्थापन झाली, ज्या आंदोलनाचं नावच आयर्लंडहून आलेलं. मी अंगणात उभी राहून ही दोन टोकं जोडत होते.

आणि मग तो भाग, ज्यासाठी मी आले होते. ग्रेस गिफर्ड १९२३ मध्ये पुन्हा किलमेनमला आली, या वेळी कैदी म्हणून, स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारची. तिच्या कोठडीच्या भिंतीवर तिनं मेरी आणि बालयेशूचं चित्र काढलं होतं. नोव्हेंबर १९२२ मध्ये याच आवारात पीटर कॅसिडी, जेम्स फिशर, जॉन गॅफनी आणि रिचर्ड टूहिग यांना मारलं, सगळे विशीच्या आसपासचे, कामगार वस्तीतले पोरगे, हाती रिव्हॉल्व्हर सापडलेले. यादवीतल्या अधिकृत देहदंडांची ही सुरुवात. विरोधकांच्या घरांत ७७ हा आकडा पाठ असायचा, इतिहासकार तो ८१ पर्यंत नेतात. ब्रिटिशांनी १९२० आणि १९२१ मध्ये मिळून २४ जणांना देहदंड दिला होता.

त्या ८१ मध्ये रोरी ओ'कॉनर आहे, फोर कोर्ट्समधला एक म्होरक्या. ७ डिसेंबर १९२२ ला विरोधकांनी शॉन हेल्स या खासदाराचा खून केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, जूनपासून तुरुंगात असलेल्या ओ'कॉनरसह चौघांना खटला न चालवता गोळ्या घातल्या. त्या निर्णयात केविन ओ'हिगिन्स हा मंत्री सामील होता. वर्षापूर्वी ओ'हिगिन्सच्या लग्नात नवरदेवाच्या शेजारी उभा राहणारा करवला ओ'कॉनर होता. दोन महिन्यांनी ओ'हिगिन्सच्या वडिलांना विरोधकांनी घरात घुसून मारलं आणि १९२७ मध्ये प्रार्थनेला चाललेल्या ओ'हिगिन्सलाही. भाऊबंदकीची रक्तरंजित कथा आपल्यालाही नवी नाही, तरीही हे ऐकताना माझ्या घशाला कोरड पडली.

किलमेनमचा शेवटचा कैदी म्हणून ज्याचं नाव सांगतात, तो करारविरोधकांचा पुढारी इमॉन डी व्हॅलेरा १९२४ मध्ये सुटला. तुरुंग बंद पडला, छप्परं कोसळली, आत झाडं वाढली. १९६० मध्ये स्वयंसेवकांनी तो सावरायला घेतला. गवंडी, सुतार, प्लंबर, सगळे बिनपगारी. दोन्ही बाजूंचे लोक एकत्र काम करत होते, म्हणून त्यांनी आपसात ठरवलं की यादवीशी संबंधित गोष्टी या कामात आणायच्याच नाहीत. १९६६ मध्ये ते संग्रहालय उघडलं, उद्घाटक राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा. त्या माणसांबद्दल मला आदर आहे. ते गप्प राहिले नसते तर कदाचित भिंतीही उभ्या राहिल्या नसत्या. पण चार पोरांच्या आयांनी त्या मौनाची किंमत मोजली, असंही मला वाटतं. आता मार्गदर्शक ते मोकळेपणी सांगतात, हे चांगलं झालं.

ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत कॉलिन्सच्या थडग्यावर ताजी फुलं असतात, नेहमीच. त्याचा जिवलग मित्र हॅरी बोलंड तिथेच थोड्या अंतरावर आहे. तो यादवीत दुसऱ्या बाजूनं लढला आणि कॉलिन्सच्या तीन आठवडे आधी सरकारी सैनिकांच्या गोळीनं गेला. डी व्हॅलेराही तिथेच.

मग ह्यूस्टन स्टेशनवरून रेल्वेनं केरी परगण्यातल्या ट्रलीला. साधारण चार तास, शेवटचा टप्पा हिरव्यागार डोंगरांतून. केरीत यादवी सर्वांत क्रूर झाली. ६ मार्च १९२३ ला नॉकनागोशेलला विरोधकांच्या सापळा-सुरुंगात सरकारी सैन्याचे पाच जण मेले. दुसऱ्या पहाटे ट्रलीच्या बराकीतून नऊ कैद्यांना बॅलीसीडीला नेलं, एका सुरुंगाभोवती एकत्र बांधलं आणि तो उडवला. आठ गेले. स्टीफन फुलर स्फोटानं दूर फेकला गेला आणि रांगत, पळत निसटला. सैन्यानं नऊ शवपेट्या भरून पाठवल्या, त्याचंही नाव मृतांत. घरच्यांनी बराकीच्या दाराशीच पेट्या उघडल्या तेव्हा हाहाकार उडाला. विरोधकांच्याच सुरुंगानं हे झालं, असा निष्कर्ष अधिकृत चौकशीनं काढला. चौकशीचा प्रमुख होता पॅडी ओ'डेली, केरीतल्या त्याच सैन्याचा सेनापती, एके काळी कॉलिन्सच्या खास पथकाचा म्होरक्या.

रस्त्यालगत १९५९ मधलं ब्राँझचं मोठं स्मारक आहे, यान गूलेचं. वाहनं भरधाव जातात. मला तिथे सोडणाऱ्या टॅक्सीवाल्यानं सांगितलं की त्याच्या आजोबांच्या घरात हा विषय कधीच निघाला नाही. जेवणाच्या टेबलावर एकाच गल्लीतल्या दोन घरांची नावं एकत्र घेत नसत, एवढंच त्याला लहानपणी कळलं. फुलर पुढे खासदार झाला आणि त्यानं आपल्या तोंडून ही हकिगत जाहीरपणे सांगितली ती १९८० मध्ये, दूरचित्रवाणीवर. यादवीतून जन्मलेले दोन पक्ष, फिअना फॉल आणि फिने गेल, २०२० पर्यंत कधी एकत्र सरकारात बसले नाहीत.

आयर्लंडला जाणार असाल तर सहल कंपन्या मोहेरचे कडे दाखवतीलच, आणि ते देखणे आहेत. तरी एक दिवस हातात असेल तर ट्रलीची गाडी पकडा. आणि डब्लिनमध्ये किलमेनम पाहून झाल्यावर थेट हॉटेलवर न जाता आसगार्डपाशी जा. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत अर्ध्या तासावर आहेत, आणि सोमवारी संग्रहालय दुपारी उघडतं, तेवढं ध्यानात ठेवा.