पहिलं पॉलिशिंग मशीन: आधी क्लिअर कोटचा हिशेब

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज पहाटे कोरड्या फडक्याने झटकली जाणारी गाडी वर्षभराने भर उन्हात आणून पाहा. बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. हे स्वर्ल मार्क. फडक्याखालची धूळ क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, घासली जाते, त्याचे हे बारीक चरे. पॉलिश ते चरे भरत नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून पातळी सारखी करतं. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतात, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी जाडी. त्यातला क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50. मशीन कोणतं, पॅड कोणतं, किती दाबायचं, या सगळ्याची उत्तरं या आकड्यातून निघतात.

म्हणून पहिली गोष्ट: ग्राइंडरला फोमचं पॅड लावून ‘रबिंग’ करायचं मनात आणू नका. साधा 4 इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. त्या वेगात दोन-तीन सेकंदांत रंग जळतो. गॅरेजमध्ये दिसतं ते रोटरी. त्याचा वेग 600 ते 3,000, पण पॅड एकाच अक्षाभोवती फिरतं, त्यामुळे उष्णता एकाच जागी साठते. सरावलेल्या हातात ते उत्तम, नवख्याच्या हातात धोक्याचं. तुम्हाला हवं ते ड्युअल अॅक्शन, म्हणजे डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात डोलतं. जास्त दाबलं किंवा पॅड कडेवर तिरकं गेलं की फिरणं थांबतं, नुसतं डोलणं उरतं. ही त्याची खोड नव्हे, तुमचा विमा आहे.

डीएच्या खोक्यावर 8, 15 किंवा 21 मिमी लिहिलेलं असतं. तो या डोलण्याचा व्यास, ज्याला थ्रो म्हणतात. 21 मिमी मोठ्या सपाट बॉनेटवर झपाट्याने काम करतं, पण वळणांवर अडखळतं. आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकवर सपाट जागा असते किती? माझ्या मते 8 ते 15 मिमी, 5 इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती) आणि दोन-अडीच किलो वजन पुरे. 700 ते 900 वॉटचं मशीन घरातल्या साध्या प्लगवर चालतं. एक्स्टेन्शनची वायर मात्र जाड घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळी तापते. वेग कमी-जास्त करता येतो का आणि बॅकिंग प्लेट सुटी मिळते का, हे दुकानातच विचारा. प्लेटवरचं वेल्क्रो उष्णतेने कधी ना कधी सुटतंच. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारी 12 व्होल्टची खेळणी वॅक्स पसरवायला ठीक, चरे त्यांनी जात नाहीत.

मशीनवर वाचलेले पैसे पॅडमध्ये घाला. दोन पॅडमध्ये अख्खी गाडी करणं ही खोटी काटकसर. पॅड ओलं आणि गच्च झालं की कापणं थांबतं आणि नुसतं तापतं. दोन कटिंग (जास्त घासणारी), तीन पॉलिशिंग, एक मऊ फिनिशिंग, एवढी हवीतच. पॅड प्लेटपेक्षा अर्धा इंच मोठं असावं, नाहीतर प्लेटची कड रंगावर आपटते. पॅडच्या रंगावर विसंबू नका, एका कंपनीचं केशरी दुसरीच्या केशरीसारखं नसतं. द्रव्यं दोनच: एक मध्यम पॉलिश, एक कंपाउंड, म्हणजे त्याहून जास्त घासणारं. 250 मिलीची बाटली एका गाडीला पुरून उरते.

कपड्यांत कंजुषी नको. पॉलिश पुसायला 350 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचे दहा मायक्रोफायबर, शिलाईची जाड कड नसलेले. धुताना सुती कपड्यांत टाकू नका, फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच. त्याने धाग्यांवर थर बसतो आणि ते पाणी शोषत नाहीत.

मशीन लावण्याआधीची धुलाई हे अर्धं काम. दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. मग ओला क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा. बोटांना खरखरीत लागणारं सगळं निघालं पाहिजे, नाहीतर तेच पॅडखाली घासलं जाईल. खाली पडलेला क्ले पुन्हा वापरू नका. बोअरचं पाणी असेल तर गाडी लगेच कोरडी करा. क्षारांचे डाग ताजे असतील तर पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून पुसल्यास बरेचदा जातात. रुतलेल्यांना पॉलिशच लागतं.

रबर, काळं प्लास्टिक आणि दारांच्या धारदार कडांवर मास्किंग टेप लावा. प्लास्टिकमध्ये सुकलेलं पांढरं पॉलिश काढताना नाकी नऊ येतात. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो.

आता बॉनेटवर दीड-दोन फूट चौकोनात चाचणी घ्या, सावलीत, पत्रा थंड असताना. आधी मऊ पॅड आणि पॉलिश. त्याने भागलं तर कंपाउंडचं झाकणही उघडू नका. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, पहिल्या वेगावर पसरवा, मग चौथ्या-पाचव्यावर सेकंदाला इंचभर सरकत, निम्मा पट्टा पुन्हा झाकत, आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे. प्लेटच्या कडेला मार्करने रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसत नसेल तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरकं आहे. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा.

पुसल्यावर धुरकट दिसलं तर घाबरू नका, कंपाउंडनंतर तसं होतं. मऊ पॅडने तो धूर जातो. नख अडकणारा ओरखडा सोडून द्या, तो क्लिअर कोटच्या खाली गेलेला असू शकतो. मेटॅलिक गाडीवर पॅडला रंग लागू लागला तर तिथेच थांबा, क्लिअर कोट संपला. जुन्या एकथरी पांढऱ्या किंवा लाल रंगावर मात्र पॅड रंगणं साहजिक आहे. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर थर किती हे डोळ्यांना कळत नाही, तिथे मऊ पॅडच. मॅट रंग असेल तर मशीन लावूच नका. सिरॅमिक कोटिंग पॉलिशने निघून जातं, हेही लक्षात ठेवा.

शेवटी पाण्यात 10 ते 15 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पुसा. पॉलिशमधल्या तेलांनी झाकलेले चरे उघडे पडतील आणि काम खरंच झालंय का ते दिसेल. समाधान झालं की सीलंट, म्हणजे रंगाचं रक्षण करणारा कृत्रिम लेप, लावा, पावसाळ्यात ते कार्नोबा वॅक्सपेक्षा जास्त टिकतं. वापरलेले पॅड त्याच संध्याकाळी कोमट पाण्यात पिळून, वेल्क्रोची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा.