रिफायनान्सच्या फाइलमधला कागद

मार्चचा उत्तरार्ध ही आमच्या धंद्यातली लग्नसराई. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर माझं छोटं ऑफिस आहे. मी एनरोल्ड एजंट. लोकांची टॅक्स रिटर्न्स भरते आणि वेळ पडली तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्यापुढे, त्यांची बाजू मांडते. त्या दुपारी आलेल्या काकू माझ्याकडे पहिल्यांदाच येत होत्या. आधी त्यांचं काम दुसरीकडे व्हायचं. तिथून २०२४ च्या रिटर्नचा मसुदा आला होता आणि त्यावरचा आकडा बघून त्यांची झोप उडाली होती.

"अगं, हे नोकरीत होते तेव्हाही एवढा टॅक्स कधी भरला नाही आम्ही."

आकडा मोठा असण्याचं कारण समोरच होतं. काका २०२१ साली गेले. त्यांचा आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांचं खातं, काकूंनी आपल्या नावावर करून घेतलं. काकूंचा स्वतःचा वेगळा आयआरए कधीच नव्हता. आता चार बेडरूमचं घर झेपत नाही म्हणून मन्रोतल्या पंचावन्न-प्लस वसाहतीत त्यांनी घर बुक केलं आणि डाउन पेमेंटसाठी या खात्यातून एकदम ६०,००० डॉलर काढले. तोवर त्यातून कुणी एक पैसा काढला नव्हता. मसुद्यात साठच्या साठ हजार करपात्र धरले होते.

मी बँकेचा फॉर्म १०९९-आर, म्हणजे खात्यातून काढलेल्या पैशांचा दाखला, मागितला. पहिल्या चौकोनात ६०,०००, करपात्र रकमेच्या चौकोनातही ६०,०००, आणि त्याच्या खाली बारीकशी फुली: करपात्र रक्कम ठरवलेली नाही. पारंपरिक आयआरएच्या फॉर्मवर ही फुली सर्रास असते, त्यामुळेच तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या फुलीतून बँक हात वर करत असते. यातल्या किती पैशांवर आधीच कर भरलाय ते आम्हाला माहीत नाही, तुमचं तुम्ही बघा.

"काकू, काका या खात्यात पैसे कधी भरायचे?"

"दरवर्षी. बोनस आला की दोन हजार. ब्याऐंशी सालापासून, ती टेलिकॉममधली नोकरी जाईपर्यंत."

नोकरी गेली २००१ च्या डिसेंबरात. पुढे दुसरी लागली, पण तिथे त्यांनी सगळं ४०१(के)मध्ये, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यातच, टाकलं.

इथे माझे कान टवकारले. १९८२ पासून कुठल्याही नोकरदाराला वर्षाला २,००० डॉलर आयआरएत टाकून तेवढी वजावट घेता येत होती. १९८६ च्या करसुधारणा कायद्याने ते बदललं. कंपनीची पेन्शन असेल आणि नवराबायकोचं उत्पन्न ५०,०००च्या वर असेल, तर १९८७ पासून वजावट बंद. पैसे टाकायला मात्र मनाई नव्हती. सूट गेल्यावर बऱ्याच जणांनी आयआरएचा नाद सोडला, काकांनी सोडला नाही. म्हणजे १९८७ ते २००१ अशी पंधरा वर्षं त्यांनी कर भरून झालेला पैसा या खात्यात टाकला होता. तीस हजार डॉलर. त्यावर पुन्हा कर लागत नाही, पण ते पैसे टाकले त्या त्या वर्षी फॉर्म ८६०६ भरून नोंदवलेले असावे लागतात. आमच्या भाषेत हा बेसिस. नवऱ्याच्या पश्चात तो बायकोकडे येतो.

"जुनी रिटर्न्स आहेत ना?"

काकूंचा चेहराच सांगत होता. घर आवरायला काढलं तेव्हा टाउनशिपच्या श्रेडिंगच्या दिवशी खोकीच्या खोकी त्या ट्रकमध्ये देऊन आल्या होत्या. "सात वर्षं ठेवायची आणि मग टाकायची, असंच सांगतात ना सगळे?"

सांगतात खरं. साध्या पगाराच्या रिटर्नला ते चालूनही जातं. पण ८६०६ आणि खात्याचे बाकीचे कागद त्या खात्यातला शेवटचा डॉलर निघेपर्यंत ठेवायचे असतात. एखाद्याने पस्तिशीत भरलेला फॉर्म त्याच्या बायकोच्या नव्वदीत लागू शकतो. हे वाक्य आमच्या व्यवसायातले लोक गिऱ्हाइकाला म्हणून दाखवत नाहीत, आणि मला त्याचा राग येतो.

पुरावा करदात्याने द्यायचा असतो. तो नसेल तर बेसिस शून्य. मूळ बँक मधल्या काळात दोन-तीनदा विलीन झालेली, आताच्या बँकेकडे नव्वदच्या दशकातलं काही नाही. आयआरएसच्या ट्रान्सक्रिप्टमध्येही, म्हणजे त्यांच्याकडच्या नोंदींच्या उताऱ्यातही, इतकं मागचं मिळत नाही. आणि खात्यात पैसे भरल्याचं दाखवणारा फॉर्म ५४९८ जरी सापडला, तरी त्या पैशांची वजावट घेतली होती की नाही हे त्यावर नसतं.

मग मला सुचलं ते असं. २००१ नंतर व्याजदर असे उतरले की इथले निम्मे घरमालक कर्ज बदलून घेण्याच्या रांगेत होते. आणि कर्ज देणारी बँक मागच्या दोन वर्षांची संपूर्ण रिटर्न्स मागते, सगळ्या जोडपत्रांसकट.

"काकू, घर रिफायनान्स केलं होतं का?"

"केलं होतं की. २००२ मध्ये. नवी नोकरी लागल्या लागल्या."

"ते कागद?"

"घराची फाइल ठेवलीय मी. घर विकायचंय, ती कशी टाकेन?"

मी त्यांना तशीच्या तशी घरी पाठवलं.

त्या येईपर्यंत समोर एक तिशीतला मुलगा बसला होता, पुण्याचा, एच-१बीवर. चार वर्षं बॅकडोअर रॉथ करतोय, म्हणजे वजावट न घेता आयआरएत पैसे टाकायचे आणि लगेच रॉथमध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर काढताना कर लागत नाही अशा खात्यात, वळवायचे. छान. ८६०६? "सॉफ्टवेअरने विचारलं नाही." सॉफ्टवेअर विचारतं, आपण घाईत 'नाही' दाबून पुढे जातो. त्याचं निस्तरता येण्यासारखं होतं, राहिलेले फॉर्म मागाहून भरता येतात. कारण त्याच्याकडे सगळे कागद होते. मी त्याला हे जरा कडक आवाजात सांगितलं. तो बिचारा काकूंच्या वाटणीचं ऐकून घेत होता.

काकू परत आल्या त्या तपकिरी अकॉर्डियन फोल्डर छातीशी धरून. घरपट्टीच्या पावत्या, डेकचं बिल, बॉयलरची गॅरंटी, आणि सर्वांत मागे बँकेला दिलेल्या कागदांची प्रत. २००० चं रिटर्न, २००१ चं रिटर्न. २००१ च्या गठ्ठ्यात शेवटून तिसरं पान फॉर्म ८६०६.

या फॉर्ममधली सोय अशी की तो मागची बेरीज पुढे नेतो. आधीच्या वर्षांचा बेसिस २८,०००, या वर्षीचे २,०००, एकूण ३०,०००. पंधरा फॉर्म शोधायची गरज नाही, शेवटचा एक पुरतो. काकांनी त्यानंतर पैसे टाकले नाहीत की काढले नाहीत, त्यामुळे २००१ नंतर फॉर्म भरायचं कारणच नव्हतं. तो आकडा तेवीस वर्षं जसाच्या तसा होता.

पुढचं गणित काकूंना पटवायला वेळ लागला. त्यांना वाटलं साठातले तीस गेले. तसं होत नाही. कर भरलेला पैसा आधी काढला असं म्हणता येत नाही, तो सगळ्या खात्यात मिसळलेला धरतात. वर्षअखेरीस खात्यात १,२०,००० होते, काढलेले ६०,००० मिळवून १,८०,०००. त्यात तीस हजार म्हणजे सहावा हिस्सा. तेव्हा साठ हजारांपैकी दहा हजार करमुक्त, उरलेला वीस हजारांचा बेसिस पुढच्या वर्षांसाठी. फेडरल कर दोन हजारांहून जास्त कमी झाला.

खरी मजा राज्याच्या रिटर्नमध्ये होती. न्यू जर्सीत बासष्टच्या पुढच्या माणसाला पेन्शनवर मोठी सूट मिळते. एकट्या व्यक्तीला ७५,००० डॉलरपर्यंत, पण एकूण उत्पन्न १,००,०००च्या आत असेल तरच. त्याच्या वर एक डॉलर गेला की सूट पेन्शनच्या ३७.५ टक्क्यांवर कोसळते. आयआरए, काकांची फॅमिली पेन्शन आणि व्याज-लाभांश धरून काकूंचं राज्याच्या हिशेबाने उत्पन्न होतं १,०४,०००; सोशल सिक्युरिटी इथे मोजत नाहीत. दहा हजार वजा झाले, ते ९४,०००वर आलं, आणि राज्याचा कर दीड हजाराहून अधिक उतरला.

पण इथेच आमचं वाजलं. न्यू जर्सीने आयआरएतल्या पैशांना वजावट कधीच दिलेली नाही. म्हणजे १९८२ ते ८६ चे दहा हजारसुद्धा राज्यापुरते कर भरलेलेच. काकूंनी हे लगेच पकडलं.

"मग चाळीस धर ना."

"त्या पाच वर्षांचा कागद नाही, काकू. ८६०६ मध्ये फक्त तीस दिसतात."

"मी सांगते ना. ह्यांच्याबरोबर बँकेत मीच जायचे."

माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. तरी मी तीसच धरले. मर्यादेच्या आत आपण तसेही आलो होतो, आणि उद्या राज्याने पत्र पाठवलं तर काकूंची आठवण मी कुठल्या पानाला टाचणार? काकूंना हे अजिबात आवडलं नाही. "तुम्हा लोकांना माणसापेक्षा कागद खरा," असं म्हणाल्या आणि तरीही सही केली. सिएटलच्या मुलीला माळ्यावरची दोन खोकी बघायला बोलावते, असंही बजावलं. पाच वर्षांपैकी एकाचा जरी कागद आला तरी तेवढ्यापुरतं राज्याचं रिटर्न दुरुस्त करून देईन, असं मी कबूल केलं.

नवा ८६०६ मी तीन प्रतींत छापला. एक फोल्डरमध्ये, एक मुलीसाठी, एक माझ्याकडे; खातं उद्या मुलीकडे गेलं तर हा आकडाही तिच्याकडे जाणार.

मग फोल्डर बंद करता करता डेकचं बिल पुन्हा दिसलं. घर उन्हाळ्यात विकायचं आहे, म्हणजे नफ्याच्या हिशेबात घरावर केलेला खर्च दाखवायला हे सगळं पुढच्या मार्चमध्ये परत लागणार. त्या पावत्या वर्षवार लावायला आम्ही तिथेच सुरुवात केली. १९९४ चं स्वयंपाकघर सापडलं, बेसमेंटचं अजून सापडायचं आहे.