नीरा ते बरड: वारकऱ्यांचे पाय पाहताना

नीरेच्या दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी पाडेगावच्या बाजूने सातारा जिल्ह्यात शिरते. मी आमच्या दिंडीत तिथेच सामील झाले. दिंडी तासगावकडची, माणसं बहुतेक द्राक्षबागांत राबणारी. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. रजा बेताचीच मिळाली होती, म्हणून नीरा ते धर्मपुरी एवढाच टप्पा चालायचा ठरवला. ज्या हैबतबाबांनी या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप दिलं ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, त्यामुळे हा टप्पा आपल्या वाट्याला आला याचा मला मनापासून आनंद होता.

आळंदीहून निघालेली मंडळी इथवर येईतो पुणे ते सासवडची सगळ्यात लांबची मजल आणि दिवेघाट पार करून आलेली असतात. पहिल्या दिवसांतली दुखणी कातडीची: फोड, सालपटं, अंगठ्याचं काळं पडलेलं नख. नीरेपर्यंत कातडी बरीच निबर होते आणि मग आतली दुखणी वर येतात. टाच, घोटा, पिंढरी, चवड्याची बारीक हाडं. त्यामुळे लोणंदच्या तळावर संध्याकाळी मी राहुटीबाहेर बॅटरी लावून बसले, तेव्हा समोर आलेल्या पायांमध्ये फोड थोडे आणि टाचा फार होत्या.

सगळ्यात आधी एक मावशी आल्या. "ताई, पहाटं उठलं की टाच भुईला टेकवत न्हाई बघा. धा-बारा पावलं टाकली की मग जरा सैल पडतंय. पुन्यांदा इसाव्याला बसलं, उठलं, की परत तेच." दुखणं एवढं नेमकं सांगणारा पेशंट दवाखान्यातसुद्धा क्वचित भेटतो. टाचेच्या तळाला, आतल्या कडेला अंगठ्याने दाबलं तर कळ उठली. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याचा एक जाड पडदा असतो आणि तो पायाची कमान तोलून धरतो. रात्रभर पाय सैल पडला की तो आखडतो, सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून तेव्हाच सगळ्यात जास्त दुखतं. डॉक्टर याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात.

मावशींना गावाकडे कुणीतरी एक्स-रे दाखवून "हाड वाढलंय" असं सांगितलं होतं. त्या दोन वर्षं त्या हाडाला घाबरून होत्या. असं वाढलेलं टोक टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये दिसतं. दुखतो तो पडदा, आणि त्याचे उपाय साधे आहेत. अंथरुणातून उठण्याआधी हाताने पायाची बोटं आपल्याकडे ओढून तळवा ताणायचा. भिंतीला हात टेकून पिंढरी ताणायची. गार पाण्याची बाटली तळव्याखाली घेऊन पाचेक मिनिटं पुढेमागे फिरवायची. टाचेखाली मऊ गादी असलेली चप्पल घालायची आणि घरातल्या फरशीवरही अनवाणी फिरायचं नाही. बहुतेकांना यानेच बरं वाटतं, फक्त त्याला काही महिने, कधी वर्षभर लागतं, आणि तेवढा धीर कुणी धरत नाही. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं की काही आठवडे उतार पडतो, पण ते वारंवार घेतलं तर पडदा फाटण्याचा आणि टाचेखालची नैसर्गिक चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. पुढची पायरी शॉकवेव्हची, म्हणजे यंत्राने टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के देण्याची. ऑपरेशनची वेळ फारच थोड्यांवर येते. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अख्ख्या राहुटीतल्या बायकांना पायाची बोटं ओढायला लावली.

फोडांबद्दल मात्र मला जोर लावून बोलावं लागलं. वारीत फोडावर उपाय म्हणजे सुईदोरा. सुई फोडातून आरपार घालायची आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. एका तरुण टाळकऱ्याच्या टाचेवर तो काळा दोरा मी जवळून पाहिला. दोन्ही टोकं बाहेर, धुळीने माखलेली, आणि सुईच्या एका भोकाभोवती पिवळट पू. दोऱ्याने पाणी बाहेर येतं हे खरं, पण त्याच वाटेने रस्त्यावरची घाण आत जाते. मी दोरा काढला, जखम धुतली, मलमपट्टी केली. फोड लहान असेल, दुखत नसेल, तर त्याला हातच लावू नये. मोठा, ठणकणारा असेल तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी मात्र तशीच राहू द्यावी, कारण तिच्याइतकी चांगली पट्टी दुसरी नाही. चोळवटणाऱ्या जागी सकाळीच मायक्रोपोर पट्टी लावली तर बरेचसे फोड टळतात.

पावसाने भिजलेल्या, दिवसभर प्लॅस्टिकच्या बुटात कोंडलेल्या पायांना चिखल्या होतात, हे सांगायला डॉक्टर नको. बोटांच्या बेचक्यात पांढरी भिजलेली कातडी, खाज, आग. क्लोट्रिमॅझोलचं मलम दोन वेळा, आणि लावण्याआधी प्रत्येक बेचकं कोरडं पुसणं. पांढरेपणा गेला तरी मलम आणखी काही दिवस चालू ठेवायचं, नाहीतर चिखल्या परत येतात.

लोणंदहून तरडगावची मजल छोटी. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वारकरी उभे, मधून माउलींचा अश्व धावत गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळा लोंढा एकदम आत वळला. मीही वळले. माती कपाळाला लावून मागे फिरते तोच आमच्यातल्या एका ताईंचा पाय डांबराच्या कडेवरून घसरला आणि आत मुरगळला.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला बघता बघता सूज आली. दोघं जण पाय धरून ओढायला, चोळून "बसवायला" पुढे झाले. त्यांना मी थांबवलं. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. तिथे बसवण्यासारखं काही सरकलेलं नसतं, आणि पहिल्या दिवसांत चोळल्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. हाड मोडलंय का, हे आधी पाहायचं. त्यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये साधे नियम मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात त्यांची मागची कड आणि टोक दाबायचं. करंगळीच्या रेषेत पायाच्या मध्यावर असलेला उंचवटा दाबायचा, आतल्या बाजूला कमानीच्या माथ्याचं हाड दाबायचं. यांपैकी कुठे हाडावरच कळ आली, किंवा आधार न घेता चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. ताईंनी लंगडत का होईना चार पावलं टाकली आणि हाडं दुखली नाहीत.

जवळच्या सरबताच्या गाडीवाल्याने बर्फ दिला, पैसे घेतले नाहीत. "माउली, पायालाच लावा," एवढंच म्हणाला. उपरण्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरला, बोटांपासून वर क्रेप बँडेज बांधलं आणि ताईंना दिंडीच्या ट्रकमध्ये पाय उंच ठेवून बसवलं. मुरगळलेल्या पायाला आठवड्यानुआठवडे पलंगावर ठेवणं मात्र चुकीचं. दोन-तीन दिवसांनी घोटा हळूहळू हलवायला लागायचं, मग एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा सराव करायचा. हा सराव राहून गेला की तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घोट्यांची गोष्ट एवढीच असते.

एका काकांचा चवडा वरून सुजला होता आणि दुसऱ्या बोटामागच्या हाडावर बोट ठेवलं तरी ते हात झटकत होते. कुठे पडले नव्हते, ठेचही लागली नव्हती. हाडाला चालून चालून तडा जातो, तो हा प्रकार. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कवायती सैनिकांच्या अशाच सुजलेल्या पायांचं वर्णन केलं होतं आणि अजूनही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीच्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी हाड सांधायला लागलं की दिसतो. त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून चालत राहायचं नसतं. काका तिथून पुढे ट्रकमध्ये.

तरीही ज्यांच्यासाठी मी हे लिहितेय ते तात्या माझ्याकडे आलेच नव्हते.

तरडगाव ते फलटण ही मजल वीसेक किलोमीटरची. काळज, सुरवडी, निंभोरे, वडजल. त्या दिवशी पावसाने ओढ दिली होती आणि दुपारी डांबर तापलं होतं. सुरवडीला विसाव्याला बसलो असताना तात्यांच्या रबरी चपलेच्या वरच्या बाजूला, टाचेच्या जागी, ओला काळसर डाग दिसला. मी विचारलं तर म्हणाले, "आवं कायबी झालं न्हाई. माझं पाय कवाच दुखत न्हाईत, माउलींची किरपा." चप्पल काढायला लावली. बाभळीचा काटा तळातून वर आला होता आणि त्याचं टोक टाचेत. तात्या त्यावर किती वेळ चालत होते कुणास ठाऊक. काटा काढताना त्यांनी डोळ्याची पापणीही हलवली नाही, ते शेजारच्याशी बेदाण्याच्या दराबद्दल बोलत होते.

बारा-पंधरा वर्षांचा मधुमेह. माझ्या पिशवीत दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट असतो, नायलॉनचा बारीक तंतू. तो तळव्यावर टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाला कळतंय का ते विचारायचं. तात्यांना दोन्ही चवड्यांवर, अंगठ्यांवर, टाचांवर काहीच कळलं नाही.

लोणंदला समाजआरतीला मी पाहिलं होतं: चोपदारांनी दंड उंचावला की सगळा तळ एका क्षणात शांत होतो, पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते आणि चोपदार तिच्याकडे जातात. दुखणं म्हणजे पायाचा तो टाळ. साखरेने नसा बधिर झाल्या की टाळच वाजत नाही, आणि आत काटा रुतला, भाजलं, कुजायला लागलं तरी माणूस हसत चालत राहतो. मावशींची टाच, ताईंचा घोटा, काकांचा चवडा या सगळ्यांपेक्षा मला तात्यांचा न दुखणारा पाय भीतीदायक वाटला.

फलटणला विमानतळावर पालखीचा मुक्काम होता. आरोग्य पथकातल्या डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक सुरू केलं. साखर 300 च्या वर होती. जखमेभोवती लाली होती, तिच्या कडेने मी पेनाने रेघ ओढली. लाली रेघेबाहेर गेली की लगेच कळावं म्हणून. मग खरा प्रश्न: तात्या ट्रकमध्ये बसायला तयार होईनात. अशा जखमेचा सगळ्यात मोठा उपचार म्हणजे तिच्यावर वजन न टाकणं. औषध कितीही भारी असलं तरी रोज पंधरा-वीस किलोमीटर तीच टाच आपटत राहिली तर जखम भरत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. ते मान हलवत होते आणि "पायी चालीन असा शबूद दिलाय" म्हणत होते. शेवटी दिंडीचे महाराज जवळ येऊन बसले. म्हणाले, "तात्या, माउलीबी रथातनंच जात्यात न्हवं?" तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग स्वतः उठून ट्रककडे निघाले आणि आम्ही दोघांनी त्यांना उचलून चढवलं.

बरडच्या मुक्कामी मी दिंडीतल्या मधुमेह असलेल्या प्रत्येकाचे तळवे पाहिले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना हेच दाखवून दिलं होतं की बोटं झडतात ती संवेदना गेल्यामुळे, न कळता होणाऱ्या जखमांनी. त्या रुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे आत बारीक पोकळ्या असलेल्या) रबराच्या चपला आज मधुमेहींनाही देतात. वर मऊ, खाली काटा न शिरेल असा कडक तळ, मागे पट्टा. ज्यांना तंतू कळला नाही त्यांनी अनवाणी एक पाऊलही टाकू नये, गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी दुसऱ्या कुणालातरी पाणी बघायला सांगावं, चप्पल घालण्याआधी आतून हात फिरवावा, आणि रोज रात्री आरशात तळवा पाहावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावं. कुरूप ब्लेडने कापू नये, भेगांवर बिब्बा लावू नये. बिब्ब्याने भाजलेले पाय मी मिरजेत पाहिले आहेत आणि ज्याला भाजलेलं कळतच नाही त्याच्या हातात बिब्बा म्हणजे संकट.

धर्मपुरीला माझी वाट संपत होती. कवठेमहांकाळची एक नर्सिंगला असलेली मुलगी दिंडीत होती, तिला सगळं समजावून दिलं. तात्यांचं ड्रेसिंग रोज. गोळ्या जेवणाच्या वेळेवर, आणि उपवासाच्या दिवशी त्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारूनच. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, वास आला किंवा कातडी काळी पडली तर पंढरपूरची वाट न पाहता जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं.

तात्या ट्रकच्या फाळक्याला टेकून बसले होते. "ताई, फुडल्या साली चालाया मिळंल न्हवं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जखम पूर्ण भरली, साखर आटोक्यात आली आणि चैत्रात मिरजेला येऊन माझ्याकडून चपलेचं माप दिलंत तर मिळेल. त्यांनी महाराजांना साक्षीला बोलावून चैत्राचं कबूल केलं.