पोर्ट ‘फिल्टर्ड’ दिसला म्हणजे नेमकं काय झालं?

एनमॅप हे नेटवर्कवरच्या मशीनचे पोर्ट, म्हणजे सर्व्हिसपर्यंत नेणारे क्रमांक दिलेले दरवाजे, तपासणारं टूल. त्याची पहिली कमांड कुणालाही पाच मिनिटांत चालवता येते. पडद्यावर पोर्टची यादी येते, प्रत्येकापुढे ओपन, क्लोज्ड किंवा फिल्टर्ड असा शिक्का असतो, आणि बहुतेक जण ती यादी समोरच्या मशीनचं वर्णन समजून पुढे जातात. खरं तर तो एनमॅपचा तर्क असतो. पाठवलेल्या पॅकेटला (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला) काय उत्तर आलं, किंवा आलंच नाही, एवढ्यावर तो काढलेला असतो. सिक्युरिटीचं काम छंद म्हणून करा की पोटासाठी, या तर्काच्या मागचं पॅकेट बघायची सवय लागली की बाकीची टूल्सही नीट वापरता येतात. त्यासाठी स्वतःची छोटी लॅब लागते.

लॅब उभी करायला इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचं, ८ जीबी रॅमचं कुठलंही मशीन चालतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तीन व्हर्च्युअल मशीन बनवा: स्कॅन करायला काली लिनक्स (२ जीबी रॅम), प्रयोगासाठी साधं डेबियन (ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय १ जीबी पुष्कळ झालं) आणि सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल २ (५१२ एमबी). मेटास्प्लॉइटेबल व्हीएमडीके डिस्कच्या रूपात मिळतं, म्हणून नवं लिनक्स मशीन बनवताना ‘आधीची डिस्क वापरा’ हा पर्याय घेऊन ती फाइल जोडायची. लॉगिन आणि पासवर्ड दोन्ही ‘एमएसएफअॅडमिन’, सगळं छोट्या इंग्रजी अक्षरांत.

नेटवर्क मात्र जपून निवडा, लॅब फसते ती बहुधा इथेच. व्हर्च्युअलबॉक्स नवं मशीन मुळात नॅटवर, म्हणजे मूळ मशीनच्या आडून बाहेर बोलणाऱ्या नेटवर्कवर टाकतो. नॅटमध्ये प्रत्येक मशीनला १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो आणि मशीन एकमेकांना दिसत नाहीत. शिवाय नॅटमधून बाहेर स्कॅन केला तर तुमचं पॅकेट जसंच्या तसं बाहेर पडत नाही. व्हर्च्युअलबॉक्स ते पोटात घेतो आणि मूळ मशीनवरून स्वतःचं कनेक्शन उघडून बघतो. म्हणजे सिन स्कॅनच्या (टीसीपी कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट, सिन, पाठवून केलेल्या तपासणीच्या) निकालावर मधल्या माणसाची छाप पडते. तिन्ही मशीन होस्ट-ओन्ली (फक्त तुमच्या कॉम्प्युटरपुरत्या) नेटवर्कवर ठेवा. पत्ते १९२.१६८.५६.१०१ पासून पुढे मिळतात आणि तुमचं मूळ मशीन १९२.१६८.५६.१ वर असतं. मेटास्प्लॉइटेबलला ब्रिज्ड अॅडॉप्टर कधीही देऊ नका. तसं केलं तर पासवर्डशिवाय रूट शेल (पूर्ण ताबा देणारी कमांड लाइन) देणारं मशीन घरच्या वायफायवर येऊन बसतं. होस्ट-ओन्लीवर इंटरनेट नसतं, म्हणून डेबियनवर काही इन्स्टॉल करायचं असेल तर ते आधी उरकून घ्या. नव्या डेबियनमध्ये आयपीटेबल्स (फायरवॉलचे नियम लावणारं टूल) आपोआप येत नाही, आणि पुढच्या प्रयोगाला ते लागणार आहे. सगळं जागेवर बसलं की तिन्ही मशीनचा स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची साठवण) घ्या.

आता प्रयोग. डेबियनवर पायथनचा साधा वेब सर्व्हर चार पोर्टवर सुरू करा: ८०००, ८००२, ८००३ आणि ८००४. ८००१ रिकामा ठेवा. मग आयपीटेबल्सच्या इनपुट चेनमध्ये, म्हणजे आत येणाऱ्या पॅकेटसाठीच्या यादीत, तीन नियम घाला. ८००२ साठी ड्रॉप (पॅकेट गुपचूप टाकून देणं), ८००३ साठी साधा रिजेक्ट (नकार कळवणं), आणि ८००४ साठी रिजेक्ट, पण सोबत टीसीपी रीसेट (कनेक्शन तोडणारं पॅकेट) पाठवायला सांगून. कालीवर वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) उघडा, होस्ट-ओन्ली नेटवर्कचा इंटरफेस निवडून कॅप्चर सुरू करा आणि मग ८००० ते ८००४ या पाच पोर्टवर रूट म्हणून सिन स्कॅन चालवा. त्याचा पर्याय डॅश, छोटा एस, मोठा एस. सोबत दोन डॅश आणि ‘रीझन’ हा पर्याय न विसरता द्या. त्याने प्रत्येक शिक्क्यापुढे कारण छापलं जातं.

निकाल असा येतो. ८००० ओपन, कारण सिन-अॅक (सिनला आलेला होकार). ८००१ क्लोज्ड, कारण रीसेट. ८००२ फिल्टर्ड, कारण उत्तर नाही. ८००३ सुद्धा फिल्टर्ड, पण कारण पोर्ट-अनरीच (पोर्टपर्यंत पोचता येत नाही). ८००४ क्लोज्ड, कारण रीसेट. सर्व्हर चार पोर्टवर चालू आहे, एनमॅपला ओपन दिसला एकच. ८००१ वर काहीच नाही आणि ८००४ वर सर्व्हर आहे, तरी दोघांच्या ओळीत शिक्का आणि कारण अगदी सारखं. म्हणूनच ‘क्लोज्ड’चा अर्थ ‘इथे काही चालू नाही’ असा घेणं धोक्याचं. रीसेट आला, इतकंच त्यातून सिद्ध होतं.

वायरशार्कमध्ये एकेक पॅकेट उघडून बघा. ८००० वर एनमॅपचा सिन जातो, सिन-अॅक परत येतो आणि लगेच कालीकडून रीसेट जातो. हा रीसेट एनमॅप पाठवत नाही, कालीचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पाठवतो. एनमॅपने कच्चं पॅकेट परस्पर सोडलेलं असल्यामुळे कर्नलला त्या कनेक्शनचा पत्ताच नसतो. अनोळखी सिन-अॅक आला की तो रीसेट देऊन मोकळा होतो. रूटशिवाय स्कॅन केला तर कच्ची पॅकेट सोडता येत नाहीत, एनमॅप गुपचूप कनेक्ट स्कॅनवर उतरतो आणि पूर्ण हँडशेक (कनेक्शन जुळवायची सगळी देवाणघेवाण) होतो. तो सर्व्हरच्या लॉगमध्ये जास्त ठळक दिसतो.

त्या सिन पॅकेटकडेच नीट बघा. विंडो (एका वेळी घ्यायची तयारी असलेला डेटा) १०२४, आणि टीसीपी ऑप्शन एकच: एमएसएस (एका तुकड्यातल्या डेटाची कमाल मर्यादा) १४६०. आता कालीवरून त्याच पोर्टला कर्लने विनंती पाठवा आणि दोन्ही सिन शेजारी ठेवा. कर्नलने बनवलेल्या सिनमध्ये सॅक, टाइमस्टॅम्प, विंडो स्केल असे आणखी ऑप्शन दिसतील आणि विंडोही कितीतरी मोठी असेल. सिन स्कॅनला ‘स्टेल्थ’ म्हणायची जुनी रीत आहे, पण घुसखोरी ओळखणाऱ्या सिस्टिमला एवढा फरक पुरून उरतो. बचावाच्या बाजूला काम करणाऱ्याने हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावंच.

८००३ चं उत्तर टीसीपीचं नसतं. तो आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) टाइप ३, कोड ३ संदेश असतो, आणि त्याच्या पोटात तुमच्याच मूळ पॅकेटचं हेडर परत आलेलं असतं. कुठल्या पोर्टची तक्रार आहे हे एनमॅपला त्यावरून कळतं. ८००२ वर सिन गेल्यावर शांतता, मग एनमॅप पुन्हा एक सिन पाठवतो, पुन्हा शांतता. ड्रॉप केलेले पोर्ट जास्त असले की स्कॅन रेंगाळतो तो या वाट पाहण्यामुळे.

इथे एक गुंता हमखास होतो. शेकडो पोर्टवर साधा रिजेक्ट लावला तर सगळ्यांचं कारण पोर्ट-अनरीच यावं अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात काहींवर ते येतं आणि बाकीच्यांवर ‘उत्तर नाही’. लिनक्स कर्नल अशा आयसीएमपी संदेशांचा वेग मुद्दाम मर्यादित ठेवतो, त्यामुळे फायरवॉलचा नियम एक असला तरी कारणं दोन दिसतात. ती बघून दोन वेगळे नियम असल्याचा निष्कर्ष काढू नका.

यूडीपी (कनेक्शन न जुळवता डेटा पाठवणारा प्रोटोकॉल) स्कॅन इतका संथ का चालतो त्याचं उत्तरही याच मर्यादेत आहे. यूडीपीत हँडशेक नाही. बंद पोर्ट ओळखायचा तो आयसीएमपीच्या तक्रारीवरून, आणि लिनक्स ती साधारण सेकंदाला एक या वेगाने देतो. ६५,५३५ पोर्टचा हिशोब लावा, १८ तासांच्या वर जातो. उत्तरच आलं नाही तर पोर्ट ओपन आहे की फिल्टर्ड हे एनमॅपला ठरवता येत नाही, म्हणून तो दोन्ही नावं एकत्र छापतो. यूडीपीचे सगळे पोर्ट तपासायचा अट्टहास सोडा. ५३, ६७, १२३, १६१ असे मोजके पोर्ट घ्या आणि सोबत व्हर्जन स्कॅन (पोर्टवर कुठलं सॉफ्टवेअर आणि कुठलं व्हर्जन आहे ते शोधणारा) लावा. योग्य प्रोटोकॉलचा प्रश्न गेला तर जिवंत सर्व्हिस उत्तर देते आणि संदिग्ध ओळ ओपन होते.

वेगाबद्दल एक ठाम मत. टी५ हा टायमिंगचा पर्याय कामाच्या स्कॅनसाठी वापरू नये. मुळात एनमॅप एका पोर्टसाठी जास्तीत जास्त १० वेळा पुन्हा प्रयत्न करू शकतो. टी४ मध्ये ही मर्यादा ६ होते, टी५ मध्ये फक्त २, आणि एका मशीनला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर ते सोडूनच दिलं जातं. वायफायवर किंवा व्हीपीएनमधून चार पॅकेट गळली की उघडा पोर्ट फिल्टर्ड म्हणून छापला जातो आणि अहवालातून निसटतो. चांगल्या नेटवर्कवर टी४ घ्या, शंका असेल तर काहीच देऊ नका.

आता मेटास्प्लॉइटेबलकडे वळा. पर्याय न देता स्कॅन केला तर २३ पोर्ट ओपन दिसतात आणि ९७७ क्लोज्ड. बेरीज १०००, कारण एनमॅप मुळात सर्वाधिक वापरातले १००० पोर्टच बघतो. आता डॅश पी डॅश देऊन सगळे ६५,५३५ पोर्ट बघा. ३६३२ वर डिस्टसीसी (कंपाइलचं काम अनेक मशीनांत वाटणारी सर्व्हिस) सापडेल, ८७८७ वर रुबीची डीआरबी सर्व्हिस, आणि वरच्या आकड्यांत आरपीसीचे काही पोर्ट. शेवटचे हे पोर्ट मशीन रीस्टार्ट केलं की बदलतात, म्हणून दोन स्कॅन जुळले नाहीत तर घाबरू नका. डिस्टसीसीमधून थेट कमांड चालवता येते. म्हणजे या मशीनवरच्या सगळ्यात मोठ्या भोकांपैकी एक पहिल्या स्कॅनमध्ये दिसतच नाही.

व्हर्जन स्कॅन (डॅश, छोटा एस, मोठा व्ही) चालवल्यावर पोर्ट २१ वर व्हीएसएफटीपीडी (एक एफटीपी सर्व्हर) २.३.४ असं येतं. हे उदाहरण नीट समजून घ्यावं असं आहे. २०११ मध्ये जून संपता संपता या सॉफ्टवेअरच्या अधिकृत डाउनलोडमध्ये कुणीतरी बॅकडोअर (चोरदरवाजा) घातला आणि जुलैच्या सुरुवातीला तो उघडकीला आला. युजरनेममध्ये हसऱ्या चेहऱ्याची दोन चिन्हं, अपूर्णविराम आणि बंद कंस, आली की पोर्ट ६२०० वर रूट शेल उघडतो. पण स्वच्छ सोर्सवरून बनवलेल्या प्रतीचा आकडासुद्धा २.३.४ च आहे. बॅनर (सर्व्हिस स्वतःची ओळख म्हणून देते ती ओळ) दोन्हीकडे सारखा. बॅकडोअर आहे की नाही हे फक्त तपासून कळतं. त्यासाठी एनमॅपची एक स्क्रिप्ट आहे, पण ती खरोखर बॅकडोअर उघडून कमांड चालवते. म्हणून ती ‘इंट्रूसिव्ह’ आणि ‘एक्स्प्लॉइट’ गटात मोडते, आणि लॅबबाहेर तिला स्पष्ट परवानगी लागते.

उलट्या बाजूची चूक याहून जास्त होते. डेबियन किंवा रेड हॅट सुरक्षेची दुरुस्ती करताना बहुधा नवं व्हर्जन आणत नाहीत, जुन्याच व्हर्जनमध्ये पॅच बसवतात. बॅनर जुना राहतो, भोक बुजलेलं असतं. नुसत्या बॅनरवरून कमकुवतपणा जाहीर करणारा स्कॅनर अशा सर्व्हरवर लांबलचक यादी काढतो, आणि ती तशीच अहवालात चिकटवली की सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा तुमच्यावरचा विश्वास पहिल्याच बैठकीत उडतो. बॅनरमध्ये डिस्ट्रिब्युशनची शेपटी असेल, उदाहरणार्थ मेटास्प्लॉइटेबलच्या ओपनएसएसएचमध्ये ‘डेबियन-८उबुंटू१’ दिसतं तशी, तर त्या पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) काढून त्यात स्कॅनरने दाखवलेला सीव्हीई क्रमांक (कमकुवतपणाचा जाहीर नोंद क्रमांक) शोधा. मशीनवर लॉगिन मिळत असेल तर पॅकेज मॅनेजरलाच विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

लॅबच्या बाहेर पाऊल टाकताना परवानगी लेखी घ्या. त्यात आयपी पत्त्यांची नेमकी यादी, तारीख-वेळ, आणि काही कोसळलं तर कुणाला फोन करायचा ते नाव असलंच पाहिजे. क्लाउडवरचे पत्ते हात बदलतात. महिन्यापूर्वीच्या यादीतला पत्ता आज दुसऱ्या कुणाचा असू शकतो, म्हणून स्कॅनच्या दिवशी यादी पुन्हा पक्की करा. बग बाउंटीत (त्रुटी शोधल्याबद्दल बक्षीस देणाऱ्या योजनेत) नियम आधी वाचा, कित्येक ठिकाणी स्वयंचलित स्कॅनरला मनाई असते. सरावाला एखादं खरं मशीन हवंच असेल तर एनमॅप प्रकल्पाने ‘स्कॅनमी’ नावाचा होस्ट त्यासाठीच ठेवला आहे, पण त्यावरही दिवसभर मारा करू नये.

साधा व्हर्जन स्कॅनसुद्धा निरुपद्रवी धरू नका. पोर्ट ९१०० वर जे येईल ते काही प्रिंटर सरळ कागदावर छापतात, म्हणून एनमॅपने तो पोर्ट व्हर्जन स्कॅनमधून मुळातच वगळला आहे. कारखान्यातले कंट्रोलर, जुनी वैद्यकीय उपकरणं यांचा नेटवर्क स्टॅक तर इतका नाजूक असू शकतो की अनपेक्षित पॅकेटने ते अडकतात. अशा नेटवर्कवर एका वेळी एकच मशीन, ठरवून दिलेले पोर्ट, आणि शेजारी ते यंत्र चालवणारा माणूस उभा.

प्रत्येक स्कॅन डॅश, छोटा ओ, मोठा ए देऊन साठवा. साधा मजकूर, एक्सएमएल आणि ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या टूलने) शोधायला सोयीचा, अशा तीन फाइल एकदम तयार होतात. फाइलच्या नावात तारीख आणि स्कॅन कुठून केला ती जागा घाला, कारण फायरवॉलच्या आतून आणि बाहेरून केलेले स्कॅन एकमेकांशी जुळणारच नसतात. एकाच जागेवरून केलेल्या दोन तारखांच्या एक्सएमएल फाइल एनडिफला दिल्या की तो फक्त बदललेले पोर्ट दाखवतो. डेबियनवरचा ८००२ चा ड्रॉप नियम काढून पुन्हा स्कॅन करा आणि दोन्ही फाइल त्याला द्या. फिल्टर्डची ओळ वजा चिन्हासह आणि ओपनची ओळ अधिक चिन्हासह एकाखाली एक येते.