पन्नास गॅलन कोण देतो?

ऑक्टोबर ते मार्च दर सोमवारी माझं एकच काम असतं. बॉस्टन आणि आसपासच्या, घर तापवायचं तेल विकणाऱ्यांना एकामागून एक फोन लावायचा आणि विचारायचं, आज गॅलनला किती? मग त्या भावांची सरासरी काढून तक्ता पाठवायचा. इथल्या कितीतरी जुन्या घरांत गॅसची लाइन नाही. तळघरात २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरहून थोडी मोठी लोखंडी टाकी असते. टँकर येऊन ती भरतो आणि त्या तेलावर घर गरम राहतं, नळाला गरम पाणी येतं. तळघराचं दार उघडलं की जो वास येतो, तो लहानपणी रेशनच्या रांगेत हातातल्या घासलेटच्या डब्याला यायचा तसाच.

सोमवार, ७ मार्च २०२२. युक्रेनवर हल्ला होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. आदल्या रात्री ब्रेंट क्रूड, म्हणजे ज्यावरून जगभर कच्च्या तेलाचा भाव ठरतो ते तेल, पिंपाला १३९ डॉलरपर्यंत चढून आलं होतं. पहिल्याच विक्रेत्यानं सांगितलं, "पाच डॉलर, पण दुपारपर्यंतच. नंतरचं मला विचारू नका." गेल्या सोमवारी त्याचा भाव चारच्या जरा वर होता. दुसरा म्हणाला, टँकर टर्मिनलवर, तेलाच्या मोठ्या साठ्यावर, भरायला गेलाय, परत आला की कळेल. एरवी दहा सेकंदांत फोन ठेवणारी माणसं त्या दिवशी बोलत बसली. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला हा आकडा सांगताना जीभ रेटत नाही, असं एकजण म्हणाला. मला ते खरं वाटलं.

दुपारी एक फोन उलटा आला. बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातल्या तीनमजली लाकडी घरातल्या आजी होत्या, आवाजावरून सत्तरीच्या पुढच्या. टाकीवरच्या काचेतला, तेल किती उरलं ते दाखवणारा लाल तुकडा तळाला टेकला होता, दोन दिवस गरम पाणी नव्हतं. मी त्यांना सरासरी सांगायला लागले, तर मधेच तोडून म्हणाल्या, "हनी, सरासरी नको. पन्नास गॅलन कोण देतो ते सांग."

मला सांगता येईना. कुणी कोणता भाव दिला हे आम्ही बाहेर सांगत नाही. त्या विश्वासावरच ते खरा भाव देतात. आणि पन्नास गॅलन कोण देतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. बहुतेकजण शंभराच्या खाली येत नाहीत. टँकर दारात आणायचा खर्च तेवढाच, पन्नास टाका की दोनशे. त्यामुळे त्या दिवशी उंबरठाच पाचशे डॉलरचा झाला होता. गॅस किंवा विजेचं बिल थकलं, तरी हलाखीतल्या घराचं कनेक्शन १५ नोव्हेंबर ते १५ मार्च तोडता येत नाही. तेलाच्या घराला ही सोय नाही. टाकी संपली की संपली.

इंधन-मदतीच्या योजनेचा नंबर दिला, अर्ज कसा करायचा ते सांगितलं. पण आजच्या रात्रीचं काय? आमची स्वतःची टाकी एका जानेवारीत कोरडी पडली होती, तेव्हा शिकलेलं सांगितलं: पेट्रोल पंपावरून दहा गॅलन डिझेल आणा, तळघरात तेल जाळणारा बर्नर त्यावरही चालतो. रस्त्याच्या करामुळे ते महाग पडतं, पण दहाच घेता येतं. बर्नर बंद ठेवून टाकी भरायच्या बाहेरच्या नळीतून ओता, दहा मिनिटं थांबा, मग बर्नर पुन्हा सुरू करायचं लाल बटण एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबलं तर न जळलेलं तेल आत साठतं.

साडेपाचला त्यांचा परत फोन आला. वरच्या मजल्यावरचा मुलगा दोन पिवळे कॅन भरून घेऊन आला होता. त्यांनी फोन तळघरात नेला. एक खट्‌ आवाज, मग काहीच नाही. मी श्वास धरून बसलेली. मग घर्रर्र करत बर्नर पेटला. आजी काही बोलल्या नाहीत, फोन तसाच बर्नरपाशी धरून उभ्या राहिल्या, आणि मीही ऐकत राहिले.

संध्याकाळी तक्ता भरून पाठवला: सरासरी, सर्वांत कमी, सर्वांत जास्त. आजींनी पंपावरच्या डिझेलला मोजलेला भाव त्यात कुठेच बसत नव्हता.

पुढच्या सोमवारपासून प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारते, कमीत कमी किती गॅलन देता? तक्त्यात त्याला रकाना नाही. मी तो माझ्या वहीत आखला आहे.