तुम्ही विचारलंत म्हणून: आयईपीच्या बैठकीला वकील न्यावा का?

अमेरिकेतले मराठी आई-बाबा मला फोन करतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. "ताई, आयईपीच्या बैठकीला वकील न्यावा का?" (आयईपी म्हणजे विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलासाठी शाळा पालकांसोबत बसून बनवते तो लेखी वैयक्तिक शिक्षण-आराखडा.) त्या प्रश्नाला जोडून दुसरा, जरा दबक्या आवाजात: "नेला तर शाळा मुलावर राग नाही ना काढणार?" मी स्वतः वकील नाही. माझ्या मुलीला सरकारी शाळेत विशेष शिक्षण मिळतं. तिच्यासाठी विशेष शिक्षणाचा कायदा वाचला आणि आता इतर पालकांसोबत बैठकांना बसते. माझं उत्तर असं: बहुतेकांना बैठकीत वकील लागत नाही. पण कधी वकिलाकडे जायची वेळ आलीच तर त्याच्यापुढे ठेवायला कागद हवेत, आणि ते पहिल्या दिवसापासून जमवावे लागतात.

आपला संकोच मला ठाऊक आहे. शिक्षकांना उलटून विचारायचं नाही, या वळणात आपण वाढलो. त्यात शाळा फुकट, बाई प्रेमळ, मग आणखी मागायचं कोणत्या तोंडानं? पण मुलाला मिळतं ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. 1975 पर्यंत या देशातल्या दहा लाखांहून जास्त अपंग मुलांना सरकारी शाळेचं दारच बंद होतं. कायदा करताना काँग्रेसनंच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनंच, हे नोंदवून ठेवलं आहे. दार उघडलं ते पालक कोर्टात गेले म्हणून. पेनसिल्व्हेनियात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांच्या संघटनेनं राज्यावर दावा लावला आणि 1971 मध्ये राज्याला तडजोड करावी लागली. 1972 मध्ये वॉशिंग्टनच्या मिल्स खटल्यात कोर्टानं बजावलं की पैसा कमी आहे म्हणून त्याची झळ फक्त अपंग मुलांना बसू देता येणार नाही. त्यानंतर 29 नोव्हेंबर 1975 ला अध्यक्ष फोर्ड यांनी ज्या कायद्यावर सही केली, तोच आज 'आयडिया' (अपंग व्यक्तींच्या शिक्षणाचा कायदा) या नावानं ओळखला जातो. व्हिसाची धास्ती घेऊन गप्प बसणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: 1982 मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही. तुमच्या एच-वन-बीचा इथे संबंध नाही.

आता कागदांबद्दल. बैठकीत नकार बहुधा तोंडी येतो. "आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये तसं करत नाहीत." "स्पीच थेरपी सगळ्यांना आठवड्यातून एकदाच असते." "पुढच्या वर्षी बघू." पालक मान डोलावून घरी येतात आणि आपण काही मागितलं होतं याचा कागदावर मागमूसही उरत नाही. कायद्यानं पालकांच्या हाती दिलेलं सगळ्यात उपयोगी साधन नेमकं इथे कामाला येतं. शाळेला तुमची मागणी नाकारायची असेल तर तिला लेखी नोटीस द्यावी लागते. तिला 'प्रायर रिटन नोटीस' म्हणतात. काय नाकारलं, का नाकारलं, कोणत्या चाचण्या आणि नोंदी पाहून नाकारलं, आणखी कोणते पर्याय पाहिले आणि ते का सोडले, हे सगळं त्यात यावं लागतं. म्हणून मी पालकांना एक वाक्य पाठच करायला लावते: "हरकत नाही, हा नकार मला लेखी द्या." आवाज चढवायचा नाही, रडायचंही नाही. 'आमच्याकडे तसं करत नाहीत' हे कारण कागदावर उतरवणं अवघड असतं, कारण निर्णय त्या एका मुलाची गरज पाहून घ्यायचा, असं कायदा सांगतो. लिहायची वेळ आली की पुष्कळदा नकाराचा पुनर्विचार होतो, हे मी बैठकीत बसून पाहिलं आहे.

बैठक संपली की त्याच संध्याकाळी शाळेला ईमेल करा: आम्ही हे मागितलं, तुम्ही असं म्हणालात, माझ्या समजण्यात चूक असेल तर कळवा. चार ओळी पुरेत. आणि सही करताना नीट पाहा. हजेरीची सही वेगळी, संमतीची वेगळी. आयईपी घरी नेऊन वाचायला वेळ मागा. पण गप्प बसलात तर चालेल असंही समजू नका. पहिल्या आयईपीनंतर पुढच्या वर्षांत काही राज्यांमध्ये पालकांनी हरकत घेतली नाही तर नवा आयईपी सहीशिवायही लागू होतो.

आपल्या घरांत एक गोष्ट फार घडते, म्हणून तिच्यावर जरा थांबते. मूल तीन-साडेतीन वर्षांचं होतं, बोलत नाही. घरचे म्हणतात, आपल्याकडे सगळे उशिराच बोलले. शाळा म्हणते, घरी दोन भाषा आहेत ना, म्हणून गोंधळलं असेल, थोडं थांबून बघू. दोन्हीकडून एकच सल्ला, थांबा. थांबू नका. मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का हे तपासणाऱ्या मूल्यमापनाची मागणी शाळेकडे लेखी करा, तारीख घालून. तुम्ही संमती दिल्यापासून 60 दिवसांत ते पुरं व्हायला हवं. काही राज्यांनी आपली वेगळी मुदत ठरवली आहे, तिथे ती लागू. चाचण्या मुलाच्या भाषेत घ्याव्यात, ते अगदीच शक्य नसेल तरच अपवाद. मूल मराठी बोलतं म्हणून त्याला अपंग ठरवता येत नाही, आणि मराठी बोलतं या सबबीवर मूल्यमापन अडवून ठेवताही येत नाही. बैठकीत इंग्रजीचं दडपण येत असेल तर दुभाषा मागा, तो शाळेनं द्यायचा असतो. नोकरीत रोज इंग्रजी बोलणाऱ्या माणसालाही मुलाच्या दुखण्याबद्दल इंग्रजीत बोलताना शब्द सापडत नाहीत; यात लाज कसली?

शाळेचं मूल्यमापन पटलं नाही तर शाळेच्या खर्चानं बाहेरच्या तज्ज्ञाकडून मूल्यमापन मागता येतं. मग शाळेपुढे दोनच वाटा उरतात: पैसे द्यायचे, किंवा आपलं मूल्यमापन योग्य आहे हे सिद्ध करायला स्वतः सुनावणी (तटस्थ अधिकाऱ्यापुढे वादाचा निवाडा) मागायची. असा हक्क आहे हे अनेक पालकांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि उद्दिष्टं. गेल्या वर्षीचा आयईपी आणि यंदाचा शेजारी शेजारी ठेवा. वाक्यं तीच आहेत का? कोलोरॅडोमधल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या बाबतीत हेच घडत होतं, वर्षामागून वर्ष जवळपास तीच उद्दिष्टं. पालकांनी त्याला खासगी शाळेत घातलं, तिथे तो सुधारला, आणि त्यांनी फीसाठी दावा लावला. खालच्या कोर्टांनी म्हटलं, नाममात्र प्रगतीहून थोडी जास्त झाली की शाळेची जबाबदारी संपली. 2017 मध्ये, एन्ड्रू एफ. खटल्यात, सुप्रीम कोर्टानं एकमतानं हे धुडकावलं: मुलाची परिस्थिती पाहता त्याची योग्य प्रगती होईल असा आयईपी हवा, आणि उद्दिष्टं पुरेशी महत्त्वाकांक्षी हवीत. "वाचन सुधारेल" हे उद्दिष्ट नव्हे. आज किती वाचतो, वर्षाअखेर किती वाचेल, ते कोण आणि कसं मोजणार, हे लिहिलेलं हवं.

मग वकील केव्हा? मुलाला वागणुकीच्या कारणावरून दहाहून जास्त शालेय दिवस शाळेबाहेर ठेवलं जात असेल तर लगेच. ते वागणं अपंगत्वातून आलं का, हे ठरवणारी बैठक दहा शालेय दिवसांत होते, आणि तिचा निकाल पुढचं सगळं ठरवतो. मुलाला खासगी शाळेत घालून खर्च मागायचा विचार असेल तर काढण्याआधी, कारण शाळेला आगाऊ सूचना दिली नाही तर मिळणारी रक्कम कमी होऊ शकते. शाळेनं स्वतः सुनावणी मागितली असेल तेव्हा. आणि कोणत्याही समझोत्यावर सही करण्याआधी. त्यात पुढचे हक्क सोडून दिल्याचं कलम बरेचदा असतं.

सुनावणी अवघड असते. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की जो तक्रार करतो त्यानंच ती सिद्ध करायची. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी कायदा करून ते ओझं शाळेवर टाकलं आहे, पण इतर बहुतेक ठिकाणी ते तुमच्यावर. जिंकलात तर वकिलाची फी शाळेकडून मिळू शकते. तज्ज्ञ साक्षीदाराची मिळत नाही, असा 2006 चा निकाल आहे. सुनावणी मागायची मुदत साधारण दोन वर्षांची. सुनावणीखेरीज राज्याच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रारही करता येते. तिला फी लागत नाही, वकील लागत नाही आणि निकाल 60 दिवसांत अपेक्षित असतो. मात्र घटना वर्षभरातली हवी. शाळेनं आयईपीत लिहिलेलं दिलंच नाही, अशा सरळ प्रकरणात मी आधी हाच मार्ग सुचवते. माझ्यासारख्या, वकील नसलेल्या पण पालकांच्या बाजूनं बैठकीत बसणाऱ्या मदतनीसांना (त्यांनाही इथे 'अ‍ॅडव्होकेट' म्हणतात) देशभर लागू असा कोणताही परवाना नाही, तेव्हा पैसे देण्याआधी चार पालकांकडे चौकशी करा. प्रत्येक राज्यात सरकारी निधीवर चालणारं पालक प्रशिक्षण व माहिती केंद्र असतं, तिथला सल्ला मोफत असतो.

शाळा राग काढेल का? हक्क मागितल्याबद्दल मुलाला किंवा पालकाला त्रास देणं कायद्यानं बंद आहे, त्याविरुद्ध केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करता येते. सुनावणी चालू असेपर्यंत मूल सहसा आहे त्याच वर्गात, आहेत त्याच सेवांसह राहतं. निकालाआधी शाळा ते बदलू शकत नाही. तरीही बाईंचा चेहरा थोडा बदलतो, हे खरं आहे. मी पाहिलंय, तो बदलतो तो मागणीपेक्षा मागण्याच्या रीतीमुळे. वर्गशिक्षिका बहुधा तुमच्याच बाजूची असते, थेरपीचे तास वाढवणं तिच्या हातात नसतं. तिचे आभार मानत राहा आणि मागणीचं पत्र स्पेशल एज्युकेशनच्या संचालकांना पाठवा. त्याच पत्रात मुलाच्या शाळेतल्या सगळ्या नोंदीही मागा. शाळेनं त्या जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि मध्ये आयईपीची बैठक असेल तर तिच्याआधी दाखवायच्या असतात. त्या वाचून झाल्या की मला फोन करा.