तुम्ही विचारलंत म्हणून : तुरुंग पाहिलेल्यांना ट्रक शिकवण्याबद्दल

साताऱ्यात आमचे मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि तेथे अवजड वाहन शिकायला येणाऱ्यांत तुरुंगात राहून आलेली माणसेही असतात, हे येथील वाहतूकदारांना ठाऊक आहे. त्यामुळे ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात असो वा लग्नाच्या पंगतीत, एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "सर, ज्याच्यावर केस आहे त्याच्या ताब्यात दहा चाकी गाडी आणि लाखोंचा माल द्यायचा कसा? कायदा तरी त्याला परवानगी देतो का?"

कायदा देतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९ नुसार सराईत गुन्हेगार, सराईत मद्यपी किंवा दखलपात्र गुन्ह्यासाठी वाहन वापरलेली व्यक्ती यांना त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन अपात्र ठरवता येते. परंतु एक गुन्हा दाखल झाला किंवा एकदा शिक्षा भोगली, एवढ्यावरून परवाना नाकारावा असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. रिक्षा किंवा बस चालवण्यासाठी जो बॅज लागतो, त्याला पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आवश्यक असते. मालवाहू गाडीला तो बॅज लागत नाही. शिवाय वाहतूक वाहन, म्हणजे ट्रक, बस यांसारखी गाडी, चालवण्याच्या परवान्यासाठी पूर्वी असलेली आठवी उत्तीर्णची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही हा मार्ग मोकळा झाला.

प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात 'तुरुंगातला माणूस' म्हणजे दरोडेखोर असतो. सातारा आणि सांगली येथील जिल्हा कारागृहांत प्रामुख्याने न्यायाधीन बंदी असतात. मोठी शिक्षा झालेले कोल्हापूरच्या कळंबा किंवा पुण्याच्या येरवडा कारागृहात जातात. म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांवर गुन्हा अद्याप शाबीत झालेला नसतो, ते जामिनावर असतात. बांधावरून झालेली भावकीतली मारामारी हे आपल्या भागातले नेहमीचे कारण. असा माणूस सुटून त्याच गल्लीत, त्याच बांधाशेजारी परत आला की पुन्हा ठिणगी पडायला वेळ लागत नाही, आणि म्हणून काही दिवस त्याला गावाबाहेर ठेवणारे काम मला बरे वाटते. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवून त्यांना कुटुंबासह शेती करायला दिली, हे सांगली जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. पण आता ज्याच्या वाट्याला वीस गुंठेही येत नाहीत, आणि तेही वादातले, त्याला शेतीकडे परत जा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

खरी अडचण वेगळीच आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय वाहतूक वाहनाचे शिकाऊ लायसनसुद्धा मिळत नाही. सुटून आलेल्या माणसाला सर्वांत कठीण जाते ते हेच वर्ष. घरात पैसे नाहीत, वकिलाची फी थकलेली, काम द्यायला कोणी तयार नाही आणि हेवी लायसनची वाट पाहायची आहे, अशा अवस्थेत जुने सोबती सर्वांत आधी भेटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयामुळे या काळापुरता एक आधार मिळाला : मालासह एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावरच चालवता येते, त्यासाठी परवान्यावर वेगळ्या नोंदीची गरज नाही. छोटा हत्ती, पिकअप, लहान टेम्पो यांच्यावर ते वर्ष निघू शकते. तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षांच्या हंगामात आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, बेदाण्याची आवक वाढली की अशा गाड्यांना काम असते. जामिनात जिल्ह्याबाहेर न जाण्याची अट असेल किंवा दर महिन्याला तारीख पडत असेल, तर बंगळूरच्या खेपेपेक्षा हे जवळचे भाडेच त्याला झेपते. मालकांनी तारखेच्या दिवशी सुट्टी द्यावी, एवढे मी आधी कबूल करून घेतो. वॉरंट निघाले की शिकवलेले सर्व वाया जाते.

शिकवण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. नियमाप्रमाणे वाहतूक वाहनाचे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे किमान पंधरा तास. पंधरा तासांत माणूस गिअर टाकायला शिकतो, गाडी सांभाळायला नाही. अमेरिकेत काही तुरुंगांतही ट्रकचे प्रशिक्षण देतात, असा दाखला मला अनेकदा दिला जातो. तेथे ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवख्या चालकांना नोंदणीकृत संस्थेतून शिकणे सक्तीचे आहे, पण केंद्रीय नियमात तासांची किमान संख्या नाही; ठरवून दिलेले प्रत्येक कौशल्य जमले, असे प्रशिक्षकाने प्रमाणित करायचे असते. मला ती पद्धत अधिक पटते. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना जे वळण लागते, तेथे किंवा कुंभार्ली घाटाच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारा चालक मला नको. इंजिनाचा अटकाव गेला की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, सारखे दाबल्याने एअर ब्रेकमधली हवाही उतरते. हे अंगवळणी पडेपर्यंत मी कोणाला मालकाकडे पाठवत नाही, मग तो तुरुंगातून आलेला असो वा महाविद्यालयातून.

शिकायला येणाऱ्यावर कोणते कलम लागले आहे हे मी विचारत नाही, दारूचे मात्र विचारतो, आणि तेथे मी कठोर आहे. पिणारा कितीही गरजू असला तरी त्याला शिकवणे मी नाकारतो. स्वच्छ चारित्र्याचे प्रमाणपत्र असलेल्या काहींनाही याच कारणासाठी परत पाठवले आहे.

मालाच्या भीतीविषयी म्हणाल तर ट्रकचालकाइतकी पाळत क्वचितच दुसऱ्या कामगारावर असते. गाडीत जीपीएस, टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद, ई-वे बिलावर, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन दाखल्यावर, गाडीचा क्रमांक, वजनकाट्याची पावती. दुकानाच्या गल्ल्यावर बसवलेल्या माणसाचा एवढा हिशेब कोणी ठेवत नाही. मालकांना माझे सांगणे दुसरेच असते : त्याला मोठी उचल देऊन बांधून घेऊ नका, पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा करा.

हाच प्रश्न घरची माणसे, विशेषतः आया, उलट्या बाजूने विचारतात : "आमच्या पोराला शिकवाल का?" त्यांना मी आधी कागद आणायला सांगतो. जुने वाहतूक लायसन असेल तर त्याची मुदत पाहावी लागते, कारण ती संपून वर्ष उलटले असेल तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. वय वीस पूर्ण हवे, वैद्यकीय दाखला हवा. आणि मुलगा जामिनावर बाहेर आला असेल तर हेवीचा विचार पुढे ठेवून हलक्या वाहनाचे लर्निंग याच आठवड्यात काढा, असे सांगतो, कारण त्यानंतर पक्के लायसन ज्या तारखेला हाती पडेल, त्या तारखेपासूनच ते एक वर्ष मोजले जाते.